रज्जुमार्गाने शिखरदर्शन आणि यात्रेचे फळ

तीर्थयात्रा करणाऱ्या गृहस्थांमध्ये अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पर्वतशिखरावरील देवतेच्या दर्शनास पायी न जाता रज्जुमार्गाने, म्हणजे सर्वसामान्य लोक ज्याला रोपवे म्हणतात त्याने, गेल्यास यात्रेचे फळ मिळते की नाही? प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो, आणि पुष्कळदा तो थट्टेच्या सुरातच विचारला जातो. परंतु विचारणाऱ्याच्या मुद्रेकडे नीट पाहिले तर त्याच्या मनात कोठेतरी शल्य आहे असे आढळून येते. जो बसून वर गेला त्याला आपण काही चुकविले असे वाटत असते. जो पायी गेला त्याला आपण काही अधिक मिळविले असे वाटत असते. या दोन्ही समजुती तपासून पाहण्यासारख्या आहेत.

उदाहरणादाखल गिरनार पर्वत घ्यावा. सौराष्ट्रातील जुनागढ नगरालगतचा हा पर्वत गुजरात राज्यात सर्वांत उंच आहे. त्याच्या वाटेवर सम्राट अशोकाचा शिलालेख आहे. जैन बांधव त्यास भगवान नेमिनाथांचे निर्वाणस्थान मानतात. वर अंबामातेचे मंदिर आहे, गोरक्षनाथांचे शिखर आहे, आणि त्याही पलीकडे श्रीदत्तात्रेयांच्या पादुकांचे शिखर आहे. या पादुकांच्या ओढीने महाराष्ट्रातून आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांतूनही दत्तभक्त तेथे पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत. पायथ्यापासून दत्तशिखरापर्यंत सुमारे १०,००० पायऱ्या आहेत. बाराव्या शतकात राजा कुमारपालाच्या काळी तेथे पायऱ्या घडविल्या गेल्या होत्या. सध्याच्या पायऱ्यांचे काम १८८९ मध्ये सुरू होऊन १९०८ मध्ये पुरे झाले, आणि त्यासाठी जुनागढ संस्थानात सोडत काढून पैसा उभा करण्यात आला. ज्या पायऱ्यांना आज पुण्यमार्ग म्हटले जाते त्यांचा खर्च सोडतीच्या तिकिटांतून निघाला, ही गोष्ट साधनांच्या शुद्धाशुद्धतेवर तावातावाने बोलणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शिवाय, त्यापूर्वी खडकांना हात घालीत वर गेलेल्या एखाद्या वृद्ध यात्रेकरूने या नव्या पायऱ्या पाहून आता यात्रा सोपी झाली, तिच्यात राम उरला नाही, असे उद्गार काढले नसतील असे कोण म्हणेल?

या पर्वतावर रज्जुमार्ग करावा ही कल्पना १९८३ मध्ये निघाली. पर्वतावर गिधाडांची वसतिस्थाने आहेत, त्यांचे काय, हा प्रश्न मध्ये उभा राहिला. आणि असा प्रश्न उभा राहावा हे योग्यच झाले. अखेर २४ ऑक्टोबर २०२० रोजी हा मार्ग सुरू झाला. एकेका डब्यात आठ माणसे बसतात, आणि सव्वादोन किलोमीटरहून थोडे अधिक अंतर आठेक मिनिटांत तोडून डबा अंबामातेच्या मंदिराजवळ पोहोचतो. ज्या सुमारे ५,००० पायऱ्या चढण्यास धडधाकट मनुष्यासही काही तास लागतात, त्या सर्व खाली राहतात. पुढे मात्र दोर नाही. अंबामातेपासून गोरक्षनाथ आणि तेथून उतरून पुन्हा चढून दत्तशिखर, ही वाट ज्याची त्याने पायांनी किंवा डोलीने काटावयाची आहे. गिरनारच्या या अर्ध्या सोयीत विचार करणाऱ्यास पुष्कळ सापडते. त्याकडे पुढे वळता येईल.

हा प्रश्न एका गिरनारचा नाही. हरिद्वारच्या मनसादेवीस आणि पावागढास रज्जुमार्ग पुष्कळ वर्षांपासून आहेत. वैष्णोदेवीच्या भवनापासून भैरवघाटीपर्यंतचा मार्ग २०१८ च्या डिसेंबरात सुरू झाला. सोनप्रयाग ते केदारनाथ या १२.९ किलोमीटरच्या मार्गास केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये मान्यता दिली असून, आठनऊ तासांची चढण त्यामुळे ३६ मिनिटांची होईल असे सांगण्यात आले आहे. तेव्हा ज्या गृहस्थास आज हा प्रश्न पडलेला नाही, त्यासही तो पुढेमागे पडणारच.

प्रथम पायी जाणाऱ्यांचा पक्ष पाहू जाता, ते म्हणतात की कष्ट हेच यात्रेचे तप. कष्ट काढून टाकले की उरते ते केवळ पर्यटन. या बोलण्यात काही सत्यांश आहे. परंतु भगवद्गीता हे विधान जसेच्या तसे मान्य करील असे दिसत नाही. सतराव्या अध्यायाच्या आरंभी भगवंतांनी, जे लोक शास्त्राला सोडून, दंभाने आणि अहंकाराने घोर तप करतात आणि शरीरातील भूतसमुदायाला व त्यात वसणाऱ्या ईश्वरालाही पीडा देतात, त्यांचा निश्चय आसुरी म्हटला आहे. त्याच अध्यायात पुढे शारीरिक तप कोणते ते गणून सांगितले आहे. तेथे देव, गुरू आणि ज्ञानी यांचे पूजन आहे, शौच आहे, ब्रह्मचर्य आहे, अहिंसा आहे; पाय दुखविणे, उपाशी राहणे, उन्हात उभे राहणे यांचा त्यात उल्लेख नाही. महाभारताच्या वनपर्वातही तीर्थाचे फळ कोणास मिळते ते सांगताना ज्याचे हात, पाय आणि मन संयमात आहेत त्यास, असे म्हटले आहे. पाय संयमात असावेत असे सांगितले आहे, पाय थकलेले असावेत असे नव्हे. हे दोन निरनिराळे आहेत. पायथ्यापासून दत्तशिखरापर्यंत धापा टाकीत गेलेला, आणि घरी परतल्यावर महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला पायऱ्यांचा आकडा ऐकविणारा यात्रेकरू सर्वांनी पाहिलेला असतो. त्याचे पाय थकले खरे, पण संयमात आले असे म्हणवत नाही.

यावर कोणी मत्स्यपुराणाचा आधार देईल. त्यातील प्रयागमाहात्म्यात वाहनात बसून तीर्थास जाणाऱ्याची यात्रा निष्फळ होते असे स्पष्ट सांगितले आहे. परंतु तेथेच त्याचे कारणही दिले आहे. ऐश्वर्याच्या लोभाने किंवा मोहाने जो वाहनातून जातो, त्याच्याविषयी ते वचन आहे. म्हणजे दोष चाकाचा नव्हे, बैलाचा नव्हे, आणि आजच्या भाषेत बोलावयाचे तर पोलादी दोराचाही नव्हे. दोष बसणाऱ्याच्या अंतःकरणातील आहे.

इतके वाचून दुसऱ्या पक्षाचे लोक समाधानाने मान डोलावतील. देव भावाचा भुकेला आहे, तो पायांकडे पाहत नाही, तेव्हा सुखाने डब्यात बसावे आणि दर्शन घेऊन दुपारच्या जेवणास खाली यावे, असा त्यांचा निष्कर्ष असतो. त्यांनी मात्र अठराव्या अध्यायातील त्यागाचे प्रकरण पुन्हा वाचावे. कर्म दुःखरूप आहे एवढ्याच कारणाने, शरीराला क्लेश होतील या भयाने, जो ते टाकतो, त्याचा त्याग राजस होय आणि त्या त्यागाचे फळ त्यास मिळत नाही, असे भगवंत तेथे सांगतात. ते वचन विहित कर्माविषयी आहे आणि तीर्थयात्रा हे काही नित्यकर्म नव्हे, हे खरे. तथापि ज्याने संकल्प करून यात्रा स्वीकारली, त्याला ती स्वीकारल्यावर क्लेशभय पुढे करता येत नाही. शिवाय सात्त्विक सुख आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते, असेही तेथेच पुढे सांगितले आहे. पहिल्या हजार पायऱ्यांवर ज्याचा श्वास कोंडला आहे त्याला या वचनाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागत नाही.

मग निर्णय कसा करावयाचा? येथे बाराव्या अध्यायाकडे वळणे युक्त होईल. मन माझ्या ठिकाणी स्थिर कर, असे सांगून भगवंत थांबत नाहीत. ते होत नसेल तर अभ्यास कर. अभ्यासही होत नसेल तर माझ्यासाठी कर्मे कर. तेही होत नसेल तर कर्मफळाचा त्याग कर. उतरत्या क्रमाने सोपे होत जाणारे हे उपाय पाहिले म्हणजे करुणा म्हणजे काय ते कळते. परंतु प्रत्येक उपायापूर्वी एक अट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. हे तुला शक्य नसेल तर, अशी ती अट आहे. तुला आवडत नसेल तर, असे भगवंतांनी म्हटलेले नाही.

आता, शक्य आहे की नाही हे ठरवावयाचे कोणी? पूर्वी हा निर्णय पर्वतच देत असे. ज्याचे गुडघे चालत नसत तो खालीच राही, किंवा दोनशे पायऱ्या चढून परत फिरे आणि पायथ्यावरूनच हात जोडी. कोणाला काही शक्य आहे आणि कोणाला नाही, हे दगडाला विचारले की दगड सांगत असे, आणि त्याचे सांगणे खोटे नसे. रज्जुमार्ग झाल्यापासून पर्वताने हे काम सोडून दिले आहे. तिकिटाच्या खिडकीपाशी बसलेला मनुष्य कोणाचे गुडघे तपासीत नाही. त्याने ते तपासावेत अशी अपेक्षाही नाही. निर्णय यात्रेकरूवर येऊन पडला आहे. आणि स्वतःच्या शक्तीविषयी स्वतःशी खरे बोलणे हे पाच हजार पायऱ्या चढण्यापेक्षा सोपे आहे असे ज्याला वाटत असेल, त्याने ते एकदा करून पाहावे. गीतेने शारीरिक तपाच्या यादीत आर्जव, म्हणजे सरळपणा, घातला आहे. हा गुण वाणीच्या किंवा मनाच्या तपात न घालता शरीराच्या तपात का घातला असावा, याचा उलगडा अशा वेळी थोडासा होतो.

एक प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. इंदूरचे एक गृहस्थ, वय पंचेचाळीसच्या आसपास, प्रकृतीने निरोगी. मात्र कचेरीतील बैठ्या कामाने सुखवस्तू झालेले. त्यांच्या मातुःश्रींना सत्तरीनंतर गुडघ्यांनी जवळजवळ जायबंदी केलेले. वडील हयात असताना दोघांनी मिळून दत्तपादुकांच्या दर्शनाचा संकल्प केला होता. तो तसाच राहून गेला होता. रज्जुमार्गाची वार्ता कळल्यावर मुलगा मातुःश्रींना घेऊन जुनागढला आला. बरोबरचे दोन तरुण यात्रेकरू पहाटे तीनला काठ्या घेऊन पायऱ्यांकडे निघाले, तेव्हा त्यांनी यांनाही विचारले. हे म्हणाले, "आईला एकटी कशी सोडू? तिच्यासोबत डब्यातूनच येतो."

उत्तरात काय वावगे आहे? काहीच नाही. वृद्ध मातेला परक्या ठिकाणी एकटी डब्यात बसवून, स्वतःच्या पुण्याचा हिशेब वाढविण्यासाठी पायऱ्या मोजीत जाणारा मुलगा कोणाही विचारी मनुष्यास आवडणार नाही. त्याचा तो कष्ट दिसावयास तप आणि असावयास स्वार्थ ठरला असता. मातेच्या शेजारी बसून तिचा हात धरणे हेच त्याचे त्या वेळचे कर्म होते. हे सर्व खरे असूनही, त्या गृहस्थांना डब्यात बसल्यावर हायसे वाटले होते. ते हायसे मातेसाठी किती आणि स्वतःसाठी किती, हे त्यांनी त्या वेळी स्वतःस विचारले नाही.

आठ मिनिटांनी ते अंबामातेपाशी उतरले. येथे एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. पायी चढणाऱ्याचे मन वाटेत हळूहळू रिकामे होत जाते. पहिल्या हजार पायऱ्यांत घरची चिंता संपते, दुसऱ्या हजारांत सोबत्यांशी बोलणे संपते, आणि पुढे केवळ नाम व श्वास उरतात. डब्यातून उतरणाऱ्याचे शरीर वर आलेले असते, मन अद्याप वाहने उभी करण्याच्या जागेपाशी घोटाळत असते. म्हणून अंबामातेपाशी अनेक जण उतरतात, छायाचित्रे काढतात, खाद्यपदार्थ शोधतात आणि पुढच्या डब्याने परततात. यात त्यांना दोष देण्यापेक्षा, डब्यातून जाणाऱ्याने मनाच्या वर येण्यास अवकाश द्यावा, मंदिराच्या आवारात तासभर निमूट बसावे, एवढे सुचविणे अधिक उपयोगी ठरेल.

मातुःश्री तशा बसल्या. मग पुढच्या वाटेचा प्रश्न आला. मुलाने डोलीवाल्यांशी बोलणे केले; पण डोली समोर येताच मातुःश्रींनी मान हलविली. माणसाच्या खांद्यावर बसून देवाकडे जाणे त्यांना पटेना. "यंत्रात बसले ते बसले. त्याला काही दुखत नव्हतं. यांच्या खांद्यांना घट्टे पडलेत, दिसतात मला," असे त्या म्हणाल्या.

त्यांचे म्हणणे मोठ्या मनाचे होते, आणि रज्जुमार्गाच्या टीकाकारांनी ते अवश्य ऐकावे. यंत्र येण्यापूर्वीही सर्व यात्रेकरू पायीच जात होते असे नाही. श्रीमंत आणि अशक्त लोक डोलीने जात. गिरनारच्या पायथ्याशी तराजूत बसवून माणसाचे वजन करीत आणि त्या वजनावर मजुरी ठरे. दुसऱ्याच्या खांद्यावरून गेलेल्यास पुण्य मिळते आणि पोलादी दोरावरून गेलेल्यास मिळत नाही, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? परंतु डोलीवाल्यांपैकी जो वयाने मोठा होता तो मातुःश्रींच्या पुढे येऊन खाली बसला आणि हात जोडून म्हणाला की, बा, तुम्ही आमची दया करून उठून गेलात तर आज आम्ही रिकाम्या हाताने उतरू. दोर आल्यापासून खालची निम्मी वाट तशीच गेली आहे.

या वाक्यास उत्तर देणे सोपे नाही. एका मार्गाने माणसाच्या खांद्यावरील भार उतरतो, आणि त्याच मार्गाने त्याच्या चुलीवरील भांडेही उतरते. कटऱ्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये वैष्णोदेवीच्या वाटेवरील पिठ्ठू, पालखीवाले, घोडेवाले आणि दुकानदार नव्या रज्जुमार्गाच्या विरुद्ध रस्त्यावर आले, ते याच कारणाने. तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले भोग त्यांना काही न देता जो एकटाच भोगतो त्यास चोर म्हटले आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी लोकांना देवाच्या दारी वाहून नेले, त्यांची दुसरी काही तजवीज न करता जी सोय उभी राहते, ती भोगताना हा शब्द ज्याला टोचत नाही त्याने यज्ञाचा अर्थ नीट ध्यानात घेतला नाही असेच म्हणावे लागेल. ही तजवीज करणे सरकारचे आणि व्यवस्थापकांचे काम, हे बरोबर आहे. पण यात्रेकरू त्यातून सर्वस्वी सुटतो असे नाही.

मातुःश्री काही वेळ बोलल्या नाहीत. मग त्या डोलीत बसल्या. वाटेत प्रत्येक विसाव्याला त्यांनी डोली खाली ठेवावयास लावली, आणि डोलीवाल्यांचे पाणी पिऊन झाल्यावाचून स्वतः पाणी घेतले नाही. गोरक्षनाथांच्या शिखरावरून उतरून दत्तशिखराची शेवटची चढण सुरू झाली तेव्हा मुलाचे पाय कापू लागले होते. डोली त्याच्या पुष्कळ पुढे निघून गेली. पादुकांचे दर्शन झाले. परतताना कमंडलू कुंडापाशी आश्रमात सर्वांनी अन्नप्रसाद घेतला. तेथे पायी आला कोण आणि डोलीने आला कोण, हे कोणी विचारीत नाही.

अंबामातेपाशी परत आल्यावर कळले की वारा वाढल्यामुळे डबे बंद ठेवले आहेत. गिरनारवर असे पुष्कळदा होते. आणि वाऱ्यापुढे तिकिटाचा उपयोग नाही. सायंकाळ होत आली होती. डोलीवाल्यांनी मातुःश्रींना खालपर्यंत नेण्याचे कबूल केले. मुलापुढे पाच हजार पायऱ्यांवाचून दुसरा मार्ग उरला नाही. चढण्यात श्वास जातो, उतरण्यात गुडघे जातात. नेमिनाथांच्या मंदिरांपर्यंत येता येता त्याला कठड्याचा आधार घ्यावा लागला. पण तो उतरत होता. आपण उतरू शकतो, आणि म्हणून सकाळी चढूही शकलो असतो, हे त्याला एकेका पायरीवर कळत होते.

अंधार पडला तेव्हा खालच्या एका टप्प्यावर डोली थांबलेली त्याला दिसली. मातुःश्रींनीच ती थांबविली होती. तो येऊन त्यांच्या शेजारी दगडावर बसला. बराच वेळ त्याने पोटऱ्या चोळल्या. मग म्हणाला, "आई, सकाळी मी डब्यात बसलो तो तुझ्यासाठी नव्हता बसलो."

"ठाऊक होतं मला," मातुःश्री म्हणाल्या, आणि डोलीवाल्यांना अजून थोडे बसू द्या म्हणाल्या, याला उठवत नाही.